प्रॉक्सी साठवलेले पान केव्हा ताजे समजतो आणि केव्हा शिळे?

अनुस्वार

आमच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि कार्यालय यांतील सर्व संगणक स्क्विड या प्रॉक्सीमधून, म्हणजे पानांच्या प्रती साठवून ठेवणाऱ्या मध्यस्थ सर्व्हरमधून, बाहेर जातात. दुसऱ्या आवारात असलेला आमचा अंतर्गत सर्व्हरही याच प्रॉक्सीमधून उघडला जातो. त्या सर्व्हरवर पाने पुरवणारा अपाची हा प्रोग्राम आहे आणि तो साध्या एचटीटीपीवर चालतो. परीक्षेच्या वेळापत्रकाचे पान ही त्यावरील एक साधी एचटीएमएल फाइल आहे. बदल झाला की कार्यालयातील कर्मचारी नवी फाइल जुनीच्या जागी चढवतात.

अडचण अशी आहे की फाइल बदलल्यानंतर नवे वेळापत्रक कधी काही मिनिटांत दिसू लागते, कधी दुसऱ्या दिवशी दिसते, आणि बरेच दिवस न बदललेल्या पानात बदल केला तर दोन-तीन दिवस जुनेच पान समोर येत राहते. त्याच सर्व्हरवरील निकालाचे पान, ज्याच्या पत्त्यात प्रश्नचिन्ह आणि पुढे आसनक्रमांक असतो, ते मात्र कायम ताजे असते. आणखी एक गोष्ट म्हणजे एखाद्याने कंट्रोल आणि एफ-५ दाबून वेळापत्रक उघडले की त्यानंतर इतर संगणकांवरही नवे पान दिसू लागते. स्क्विडच्या सेटिंगमधील रिफ्रेश-पॅटर्नच्या ओळी, म्हणजे साठवलेली प्रत किती काळ चालवायची ते सांगणाऱ्या ओळी, मुळात आल्या तशाच आहेत, त्यांना आम्ही हात लावलेला नाही.

साठवलेली प्रत तशीच द्यायची की मूळ सर्व्हरला विचारायचे, हे प्रॉक्सी नेमके कशाच्या आधारावर ठरवतो? त्या ओळींत सगळीकडे शून्य लिहिले तर प्रश्न सुटेल का? कॅश, म्हणजे प्रती साठवण्याची ही सोय, पूर्ण बंद करणे मला परवडणारे नाही, कारण दोन आवारांमधील जोडणी मंद आहे आणि अभ्यासक्रमाच्या मोठ्या पीडीएफ फाइली रोज शेकडो वेळा उघडल्या जातात.

सह्यवारा

तुम्ही सांगितलेल्या गोष्टी एकमेकींशी विसंगत वाटल्या तरी त्यांतील बहुतेक एकाच नियमातून निघतात. तो नियम समजण्यासाठी आधी एक गैरसमज बाजूला ठेवावा लागेल. मूळ सर्व्हरवर पान बदलले आहे की नाही, हे प्रॉक्सीला कळत नसते. मूळ सर्व्हर आपणहून काही कळवत नाही आणि प्रॉक्सीही पार्श्वभूमीवर फेऱ्या मारून पाने तपासत बसत नाही. कोणीतरी पान मागितले की त्या क्षणी तो फक्त एवढेच पाहतो की हातातील प्रत न विचारता देण्याची मुदत अजून शिल्लक आहे का. शिल्लक असेल तर प्रत ताजी, संपली असेल तर शिळी. त्यामुळे शिळी ठरलेली प्रत मजकुराच्या दृष्टीने अगदी बरोबर असू शकते आणि ताजी ठरलेली प्रत चुकीची असू शकते. तुमच्याकडे दुसरा प्रकार घडतो आहे.

ही मुदत ठरवण्याचा पहिला अधिकार मूळ सर्व्हरचा असतो. उत्तरासोबत येणाऱ्या कॅश-कंट्रोल या हेडरमध्ये (हेडर म्हणजे पानाआधी येणारी माहितीची ओळ) एस-मॅक्सएज असेल तर सामाईक कॅशने ती मुदत मानायची, ती नसेल तर मॅक्स-एज, आणि तीही नसेल तर एक्स्पायर्स या हेडरमधील वेळ, असा क्रम एचटीटीपीच्या कॅशविषयक प्रमाणात, म्हणजे जून २०२२ मध्ये आलेल्या आरएफसी ९१११ मध्ये दिलेला आहे. यांपैकी काहीच नसेल तर प्रमाण प्रॉक्सीला अंदाज बांधण्याची मुभा देते. पान शेवटचे केव्हा बदलले ते लास्ट-मॉडिफाइड या हेडरवरून पाहायचे, तेव्हापासून किती काळ लोटला ते मोजायचे आणि त्या काळाच्या काही हिश्श्याइतकी मुदत धरायची. हा हिस्सा सर्वसाधारणपणे १० टक्के असावा असे प्रमाण सुचवते, पण सक्ती करत नाही. स्क्विडने मुळात २० टक्के धरले आहेत.

आता तुमच्या रिफ्रेश-पॅटर्नची शेवटची ओळ पाहा. तिच्यात एक टिंब, त्यापुढे ०, २० टक्के आणि ४३२० असे लिहिलेले असेल. टिंब म्हणजे कोणताही पत्ता. पहिला आकडा किमान मुदतीचा आणि शेवटचा कमाल मुदतीचा असून दोन्ही मिनिटांत आहेत, म्हणजे ४३२० म्हणजे ३ दिवस. समजा वेळापत्रक १ जूनला सकाळी १० वाजता बदलले होते आणि प्रॉक्सीने ते १ जुलैला सकाळी १० वाजता आणून ठेवले. मधले अंतर ३० दिवसांचे, त्याचे २० टक्के म्हणजे ६ दिवस. पण कमाल मर्यादा ३ दिवसांची असल्यामुळे मुदत ४ जुलैला सकाळी १० पर्यंत. त्याच १ जुलैला दुपारी १२ वाजता कार्यालयाने नवी फाइल चढवली, तर पुढचे जवळजवळ तीन दिवस प्रॉक्सी निश्चिंतपणे जुनी प्रत वाटत राहील. ४ जुलैला मुदत संपल्यावर कोणीतरी पान उघडेल तेव्हा तो विचारेल आणि नवे पान आणेल. मात्र या नव्या पानाची शेवटच्या बदलाची वेळ सुमारे ७० तासांपूर्वीची असेल, म्हणून या खेपेस मुदत मिळेल साधारण १४ तासांची. एखादी फाइल बदलल्यानंतर दहाच मिनिटांत प्रॉक्सीने आणली, तर तिला फक्त २ मिनिटे मिळतील.

म्हणजे पान जितके अधिक काळ स्थिर राहिलेले, तितका प्रॉक्सी त्यावर अधिक विसंबतो, आणि सत्रभर न बदललेले वेळापत्रक नेमके बदलते तेव्हाच तुम्हाला सर्वांत जास्त थांबावे लागते. या हिशेबाने १५ दिवसांहून जुने प्रत्येक पान तीन दिवसांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकते.

निकालाच्या पानाचे कारण वेगळे आहे. त्याच सेटिंगमध्ये थोडी वर एक ओळ आहे, जी सीजीआय-बिन (सर्व्हरवरील प्रोग्रामांचा फोल्डर) असलेल्या किंवा प्रश्नचिन्ह असलेल्या पत्त्यांना ०, ० टक्के आणि ० लावते. ओळी वरून खाली वाचल्या जातात आणि जुळणारी पहिली ओळच लागू होते, त्यामुळे अशा पत्त्यांसाठी अंदाज बांधलाच जात नाही. मूळ सर्व्हरने स्वतः मुदत दिली असेल तर मात्र प्रश्नचिन्ह असलेले पानही साठवून दिले जाऊ शकते.

कृष्णाकाठ

सह्यवारा यांनी गणित नेमके मांडले आहे. कंट्रोल आणि एफ-५ विषयीचा प्रश्न राहिला, तो मी घेतो.

साधे एफ-५ दाबले की ब्राउझर विनंतीसोबत मॅक्स-एज शून्य असे पाठवतो, म्हणजे प्रत कितीही ताजी असली तरी मूळ सर्व्हरकडे खातरजमा करून मगच द्या. कंट्रोलसह दाबले की नो-कॅश पाठवले जाते आणि स्क्विड पान नव्याने आणतो. नवे उत्तर जुन्या प्रतीच्या जागी बसते आणि कॅश सामाईक असल्यामुळे एकाने केलेल्या या कृतीचा लाभ नंतर येणाऱ्या सर्वांना मिळतो. स्क्विडच्या लॉगमध्ये, म्हणजे विनंत्यांच्या नोंदवहीत, अशा विनंतीपुढे टीसीपी_क्लायंट_रिफ्रेश_मिस अशी नोंद दिसेल. पूर्वीच्या जुन्या पानांच्या वेळी तेथे टीसीपी_हिट किंवा टीसीपी_मेम_हिट असेल. यांपैकी पहिली डिस्कवरून आणि दुसरी मेमरीतून दिलेल्या ताज्या प्रतीसाठी असते. प्रत शिळी होऊन विचारणा झाली असेल तर उत्तर न बदलल्यास टीसीपी_रिफ्रेश_अनमॉडिफाइड आणि बदलल्यास टीसीपी_रिफ्रेश_मॉडिफाइड. या चार-पाच नोंदी ओळखता आल्या की प्रॉक्सीने कोणता निर्णय घेतला हे अनुमानाने सांगावे लागत नाही.

तथापि इतर सर्व संगणकांवर नवे पान दिसते, हे विधान तपासून पाहावे असे मला वाटते. प्रत्येक ब्राउझरची स्वतःची कॅश असते आणि क्रोम व फायरफॉक्स हे दोन्ही लास्ट-मॉडिफाइडवरून १० टक्क्यांचा असाच अंदाज बांधतात. ज्या विद्यार्थ्याने सकाळी पान उघडले होते त्याचा ब्राउझर प्रॉक्सीपर्यंत न जाताच स्वतःकडील प्रत दाखवू शकतो. प्रॉक्सी उत्तरासोबत एज हे हेडर पाठवतो, म्हणजे ही प्रत माझ्याकडे किती सेकंद पडून होती ते सांगतो, आणि ब्राउझर तेवढा काळ मुदतीतून वजा करतो. पण एक महिना जुन्या पानाच्या बाबतीत वजा करूनही बराच काळ उरू शकतो.

म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी कर्ल ही पाने मागवणारी आज्ञा वापरून वेळापत्रकाची फक्त हेडर मागवा, एकदा प्रॉक्सीमधून आणि एकदा प्रॉक्सी टाळून थेट सर्व्हरकडून, आणि कॅश-कंट्रोल, एक्स्पायर्स, लास्ट-मॉडिफाइड, ई-टॅग (फाइलीच्या आवृत्तीची ओळखखूण), डेट व एज यांपैकी काय काय येते ते येथे सांगा.

अनुस्वार

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही आभार. थेट सर्व्हरकडून मागवल्यावर डेट, लास्ट-मॉडिफाइड आणि ई-टॅग ही तीनच हेडर येतात. कॅश-कंट्रोल आणि एक्स्पायर्स दोन्ही नाहीत. प्रॉक्सीमधून मागवल्यावर एज दिसते आणि दर खेपेस त्याचा आकडा वाढत जातो. लॉगमध्ये बहुतांश टीसीपी_मेम_हिट आहेत.

म्हणजे सारे अंदाजावरच चालले आहे, हे स्पष्ट झाले. मग आमच्या अंतर्गत सर्व्हरसाठी रिफ्रेश-पॅटर्नची वेगळी ओळ वर टाकून कमाल मुदत ५ मिनिटे केली तर पुरेसे होईल ना? सर्व्हर दुसऱ्या विभागाच्या ताब्यात आहे, प्रॉक्सी माझ्या हातात आहे, म्हणून मला हा मार्ग सोपा वाटतो.

पाणवठा

तात्पुरते म्हणून चालेल, पण त्यावर थांबू नये असे माझे स्पष्ट मत आहे. प्रॉक्सीमधील ओळ फक्त प्रॉक्सीचा अंदाज बदलते. ब्राउझर तिला ओळखत नाही, आणि कृष्णाकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे त्याचा अंदाज तसाच सुरू राहतो. मूळ सर्व्हरने मुदत सांगितली तर प्रॉक्सी आणि ब्राउझर दोघांचेही अंदाज एकदम संपतात. शिवाय तुमची ओळ त्या सर्व्हरवरील पीडीएफ फाइलींनाही लागू होईल, आणि ज्या फाइली वर्षभर बदलत नाहीत त्यांचीही दर पाच मिनिटांनी चौकशी होत राहील.

दुसऱ्या विभागाकडे मागणी अगदी छोटी आहे. अपाचीमध्ये हेडर्स हे मॉड्यूल सुरू करून एचटीएमएल फाइलींसाठी कॅश-कंट्रोलमध्ये नो-कॅश लिहायला सांगा. नो-कॅशमुळे पान साठवले जाणारच नाही अशी भीती काही जण बाळगतात, पण साठवण्यास मनाई करायची असेल तर नो-स्टोअर लागते. नो-कॅश असलेली प्रत साठवली जाते आणि दर वेळी देण्याआधी विचारणा होते. ही विचारणा स्वस्त असते. प्रॉक्सी आपल्याकडील ई-टॅग इफ-नन-मॅचमध्ये किंवा बदलाची वेळ इफ-मॉडिफाइड-सिन्समध्ये पाठवतो, आणि पान तेच असेल तर सर्व्हर ३०४ एवढा संकेत व काही हेडर परत करतो, मजकूर पाठवत नाही. मंद जोडणीवर तुमचे नुकसान एका फेरीपुरते होते. तेवढेही नको असेल तर मॅक्स-एज ३०० ठेवा. या ठिकाणी आकडा सेकंदांत असतो आणि रिफ्रेश-पॅटर्नमध्ये मिनिटांत, या गोंधळातून पाच मिनिटांऐवजी पाच तासांची मुदत दिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

पीडीएफसाठी उलट धोरण ठेवावे. फाइलीच्या नावातच वर्ष किंवा आवृत्ती घाला आणि मॅक्स-एज ३१५३६०००, म्हणजे एक वर्ष, द्या. अभ्यासक्रम बदलला की नवे नाव आणि नवा दुवा. जुन्या नावाची प्रत कोठे कोठे पडून आहे याची चिंताच उरत नाही.

रिफ्रेश-पॅटर्नच्या पर्यायांमध्ये ओव्हरराइड-एक्स्पायर आणि इग्नोर-नो-स्टोअर असेही काही आहेत. ते मूळ सर्व्हरचा शब्द मोडून प्रॉक्सीचा आकडा लादतात आणि एचटीटीपीचे प्रमाण भंग करतात, असा इशारा स्क्विडच्या दस्तऐवजातच दिलेला आहे. महाजालावरील अनेक तयार सेटिंगमध्ये ते सर्रास आढळतात, कारण त्यामुळे हिटचे प्रमाण कागदावर चांगले दिसते. तुमच्यासारख्या ठिकाणी त्यांना थारा देऊ नये.

सह्यवारा

पाणवठा यांच्याशी मी सहमत आहे, फक्त अंदाज बांधणे ही पद्धतच सदोष आहे असा कोणाचा समज होऊ नये म्हणून थोडी पार्श्वभूमी देतो. ही कल्पना वेबसाठी जन्मलेली नाही. व्हिन्सेंट केट यांच्या ॲलेक्स या एफटीपी (फाइली देण्या-घेण्याची जुनी पद्धत) फाइलींच्या कॅशमध्ये १९९२ मध्ये ती वापरली गेली होती, आणि तिच्यामागचे निरीक्षण साधे होते की नुकतीच बदललेली फाइल लवकरच पुन्हा बदलण्याची शक्यता अधिक असते, तर जुनी फाइल बहुधा तशीच राहते. १९९६ मध्ये ग्वर्ट्झमन आणि सेल्टझर यांनी ठरावीक मुदत, सर्व्हरने प्रत्येक कॅशला बदल कळवणे आणि ॲलेक्सची पद्धत यांची तुलना करून दाखवले की ॲलेक्सची पद्धत नीट जुळवली तर जाळ्यावरचा आणि सर्व्हरवरचा भार सर्वांत कमी होतो आणि शिळे पान मिळण्याचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत ठेवता येते. लक्षावधी अनोळखी पानांच्या सरासरीसाठी हे उत्तम आहे. तुमच्या वेळापत्रकासारखे एखादे पान त्या उरलेल्या टक्क्यांत सापडते, आणि नेमके तेच महत्त्वाचे असते.

सगळे प्रॉक्सी सारखा अंदाज बांधतात असेही नाही. अपाचीचे स्वतःचे कॅश मॉड्यूल १० टक्के धरते आणि अशा अंदाजी मुदतीला १ दिवसाची मर्यादा घालते. व्हार्निश लास्ट-मॉडिफाइडकडे मुदतीसाठी पाहतच नाही. सर्व्हरने काही सांगितले नसेल तर सरसकट १२० सेकंद. एन्जिनएक्सला तर सर्व्हरच्या हेडरमधून किंवा स्वतःच्या सेटिंगमधून मुदत मिळाली नाही तर तो उत्तर साठवतच नाही. त्यामुळे उद्या कोणी स्क्विड बदलून दुसरे काही बसवले तर तुमच्या पानाचे वागणे पूर्ण बदलेल, आणि हे आणखी एक कारण आहे की मुदत मूळ सर्व्हरवरच लिहिलेली असावी.

एक सूचना वेळेविषयी. एक्स्पायर्समध्ये वेळ नेहमी जीएमटीमध्ये लिहायची असते. एखाद्या विभागाने स्वतःच्या स्क्रिप्टमधून हे हेडर तयार केले आणि भारतीय वेळ तशीच लिहून पुढे जीएमटी असा शिक्का मारला, तर प्रत्येक पानाला साडेपाच तास जास्तीची मुदत मिळते. मॅक्स-एजमध्ये घड्याळाची वेळ नसून फक्त कालावधी असतो, म्हणून हा घोळ होत नाही. दोन्ही हेडर असतील तर मॅक्स-एजच मानले जाते.

अनुस्वार

सर्व्हरच्या विभागाने नो-कॅश लावण्याचे मान्य केले आहे. आता शेवटची शंका. निकालाच्या किंवा वेळापत्रकाच्या दिवशी शेकडो विद्यार्थी एकाच वेळी पान उघडतात. दर विनंतीला विचारणा होणार असेल तर सर्व्हरवर ताण येणार नाही का? आणि कर्मचारी फाइल चढवताना काही पथ्ये पाळायला हवीत का?

कृष्णाकाठ

वेळापत्रकाची फाइल स्थिर असल्यामुळे ३०४ देणे अपाचीला जड जात नाही. तरीही गर्दीची काळजी वाटत असेल तर नो-कॅशऐवजी मॅक्स-एज ६० द्या, म्हणजे प्रॉक्सीकडून मिनिटाला साधारण एक विचारणा जाईल आणि विद्यार्थ्यांना बदल जास्तीत जास्त मिनिटभर उशिरा दिसेल. ब्राउझरलाही हेच ६० सेकंद लागू होतात आणि एजमुळे त्यातील प्रॉक्सीमध्ये गेलेला काळ वजा होतो. मुदत संपल्याच्या क्षणी आलेल्या अनेक विनंत्या एकाच विचारणेत गुंडाळण्यासाठी स्क्विडमध्ये कोलॅप्स्ड-फॉरवर्डिंग नावाची सोय आहे, ती मुळात बंद असते, ती सुरू करून पाहा. निकालाच्या पानाला यातले काहीच लागू होत नाही, कारण प्रत्येक आसनक्रमांकाचा पत्ता वेगळा. तेथे ताण आला तर तो डेटाबेसच्या बाजूने सोडवावा लागेल. ते पान व्यक्तिगत असल्यामुळे त्यावर नो-स्टोअर लिहिलेले बरे.

फाइल चढवण्याबाबत एक पथ्य खरोखर महत्त्वाचे आहे. काही साधने फाइलीची मूळ बदलवेळ जपून ठेवतात. आरसिंक ही फाइली नेणारी आज्ञा ‘ए’ पर्यायासह किंवा सीपी ही प्रत काढणारी आज्ञा ‘पी’ पर्यायासह वापरली तर असे होते. समजा सध्याचे वेळापत्रक १० तारखेला बनवलेले आहे आणि आज एखाद्याने ५ तारखेला तयार करून ठेवलेली दुसरी आवृत्ती वेळ जपून चढवली. प्रॉक्सी विचारेल की १० तारखेनंतर काही बदलले का, सर्व्हर फाइलीवरची ५ तारीख पाहील आणि ३०४ देऊन मोकळा होईल. मजकूर बदललेला असूनही प्रत्येक विचारणेला हेच उत्तर येत राहील. ई-टॅग असेल आणि प्रॉक्सी तो पाठवत असेल तर बचाव होतो, कारण त्यात आधी-नंतरचा प्रश्न नसून जुळते की नाही एवढेच पाहिले जाते, आणि दोन्ही अटी आल्यास सर्व्हरने ई-टॅगच्या अटीलाच मान द्यायचा असतो. अपाची २.४ मुळात बदलवेळ आणि आकार यांपासून ई-टॅग बनवते, म्हणून वरच्या उदाहरणात तो बदलेल. तरीही चढवून झाल्यावर सर्व्हरवर त्या फाइलीला टच ही आज्ञा द्यावी, म्हणजे बदलवेळ आजची होईल.

पाणवठा

एक भर. नवे हेडर लावल्यानंतरही प्रॉक्सीमध्ये आधीच पडलेल्या प्रती जुन्या अंदाजानेच चालतील, कारण मुदत त्या प्रतीसोबत साठवलेल्या हेडरवरून मोजली जाते. तीन दिवस थांबायचे नसेल तर वेळापत्रकाचे पान प्रॉक्सीमधून एकदा कंट्रोल आणि एफ-५ दाबून उघडा, आणि त्यानंतर कर्लने मागवलेल्या हेडरमध्ये नो-कॅश दिसते का ते पाहा. लॉगमध्ये टीसीपी_मेम_हिटच्या जागी टीसीपी_रिफ्रेश_अनमॉडिफाइड येऊ लागले की बदल लागू झाला असे समजा.